शिडीखालचे चाळीस सेकंद

अक्का, त्या दुपारी मी घरात आले तेव्हा आधी त्याला पाहिलं, मग तुम्हाला. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. कंप्यूटरच्या पडद्यावर तो शिडीखाली उताणा पडला होता, टोपी बाजूला, दोन्ही हात छातीवर. समोर खुर्चीत तुम्ही, हनुवटी खाली झुकलेली, उजवा हात माउसवर. आणि मी दारातूनच, चपलाही न काढता म्हणाले, "अक्का, घाबरू नका, उठेल तो." तुमच्याबद्दल माझ्या मनात काही आलंच नाही. सगळी काळजी त्या खेळातल्या माणसाची होती, कारण यात कोणी मरत नाही असं मी तुम्हाला सांगून गेले होते.

हे मी रेवा आणि ओंकारसाठी लिहून ठेवते आहे. दोघांना मराठी समजतं पण वाचता येत नाही, तेव्हा त्यांची आई तिकडे वाचून दाखवेल. आत्याआजी कशी गेली हे त्यांनी फोनवर तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी "शांतपणे" एवढंच म्हणाले. ते खोटं नाही, पण पुरेसंही नाही. तुमचं तेरावं होऊन नऊ दिवस झाले आहेत. मुलं ऐकत बसली आहेत असं समजा आणि मला मध्ये टोकू नका.

मुलांना हे आधी सांगायला हवं की आपण दोघी, एक सत्तरीची आणि एक पंचाहत्तरीची, नणंद-भावजय, दुपारी जेवणं झाली की खेळायला काहून बसायचो. बघा, 'का' लिहायचं तर तुमचा शब्द आला. माझा श्रीकांत, म्हणजे मुलांचे बाबा, परदेशी गेला तेव्हा त्याचा जुना कंप्यूटर आणि सीडींचा एक डबा इथेच राहिला. त्यातला एक खेळ मी लावून पाहिला. त्यात घाई नव्हती, मारामारी नव्हती. पडद्यावर एक चित्रातलं घर आणि त्यात एक माणूस. आपण माउसने जिथे दाखवू तिथे तो चालत जायचा, वस्तू उचलायचा, लोकांशी बोलायचा, आणि बोलणं सगळं थट्टेचं. आपण काही केलं नाही तर तो नुसता उभा राहायचा. पाय आपटायचा, घड्याळ बघायचा, मग मान वळवून थेट आपल्याकडे बघायचा. ती नजर मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. तुम्ही मात्र म्हणालात, "वाट पाहून राहिला बिचारा. सांग नं त्याला काहीतरी."

इंग्रजी माझं, डोकं तुमचं. मी प्रत्येक वाक्य मराठीत करून सांगायची आणि प्रत्येक खोलीत काय काय करून पाहिलं ते वहीत लिहायची. एका किल्ल्याच्या दारावरचा पहारेकरी आपल्याला चार दिवस आत सोडेना. मी क्रमाने सगळं केलं: त्याला पत्र दिलं, छत्री दिली, बाटलीतला बेडूक दाखवला. पाचव्या दिवशी तुम्ही म्हणालात, "सकाळपासून उभा आहे तो. त्याला बस म्हटलं का कोणी?" आपल्या माणसाकडे एक स्टूल होतं. ते दिलं, पहारेकरी बसला आणि घोरायला लागला. मी वहीत लिहिलं, "स्टूल. अक्का." ती वही उघडली तर दर पानावर शेवटी तुमचंच नाव आहे.

आणि त्याच पहिल्या खेळात तो मेला. तुम्ही विहिरीकाठी काहीतरी चमकताना पाहिलं, तिथे बोट दाखवलंत, तो वाकला आणि गेला. पडदा काळा झाला. मला वाटलं तुम्ही हसाल. तुम्ही उठून न्हाणीघरात गेलात, डोक्यावरून आंघोळ केलीत, ओल्या केसांनी बाहेर येऊन तळहातावर तीळ घेतलेत आणि तुळशीपाशी त्याला पाणी दिलंत. मला विचारलंत, "नाव काय होतं गं त्याचं?"

मुलांनो, इथे हसू नका. जबलपूरमधल्या आपल्या लोकांत कोणाकडे कोणी गेलं की पहिला निरोप आत्याआजीला जायचा. रडण्यात घरच्यांना काही सुचत नसतं. काय आणायचं, कोणी आंघोळ घालायची, दिवा कुठे ठेवायचा, मुलांना कोणाकडे पाठवायचं, हे सांगायला ती असायची. महाराजपुरापासून सिविल लाइंसपर्यंत किती घरांत ती अशी गेली असेल याची मोजदाद नाही. तुमचे आजोबा गेले तेव्हाही तिनेच सगळं केलं, स्वतःच्या भावाचं. तेव्हा तिच्या हातून विहिरीत पडलेल्या माणसाला ती तसंच कशी सोडेल?

अडचण पुढे झाली. मी अडाणीपणाने सेव्ह केलेला डाव उघडला आणि तो विहिरीच्या काठावर पुन्हा उभा राहिला, पाय आपटत. तुम्ही मागे सरकलात. तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"नलू, याचं पाणी देऊन झालं आहे."

"अक्का, खेळ आहे तो."

"असू दे. पाणी दिलेला माणूस असा घरात येत नाही."

मग तुम्ही मला सांगितलंत की मेला म्हणून ज्याचे दिवस केले तो परत आला, तर त्याचा पुन्हा जन्म झाला असं धरून नाव ठेवावं लागतं. नाहीतर तो ना इकडचा ना तिकडचा राहतो. नर्मदेच्या पुरात वाहून गेलेला एक मनुष्य सात महिन्यांनी दारात उभा राहिला होता आणि त्याच्या बायकोने दार उघडलं नव्हतं, तेव्हा त्याचं बारसं तुम्ही केलं होतं. मला हे खरं वाटलं नाही. पण तुम्ही वाटीत मध-तूप कालवून आणलंत, पडद्यासमोर ठेवलंत आणि त्या टोपीवाल्या इंग्रज माणसाचं नाव विश्वनाथ ठेवलंत. तो आपल्याकडे बघत उभा होता. त्या वेळी तो पाय आपटत नव्हता, हे मी वहीत लिहिलेलं आहे.

त्या दिवसापासून तुमची अट ठरली. खेळ हसवणारा हवा आणि त्यात कोणी मरता कामा नये. "आयुष्यभर माणसं पोचवली मी," तुम्ही म्हणालात, "आता दुपारच्या वेळात तरी नको."

असे खेळ शोधणं माझ्याकडे आलं. बडा फुहाराजवळ सीडी विकणाऱ्या भैयाला मी विचारलं, "ऐसा गेम दीजिए जिसमें हँसी आए और आदमी मरे नहीं." तो म्हणाला, "माताजी, वो तो भजन की सीडी होती है. उसमें हँसी की गारंटी नहीं." तुम्ही तिथे दुकानात इतक्या हसलात की त्याने आपल्याला चहा पाजला. पुढे घरी इंटरनेट आलं. तिथे असल्या जुन्या खेळांचे वेडे लोक एकमेकांना पत्रं लिहितात. मी रीतसर इंग्रजीत लिहायची: महोदय, आम्ही दोन वयस्क महिला आहोत, विनोदी खेळ सुचवावा आणि त्यात नायकाचा मृत्यू संभवतो काय तेही कळवावं. कुठल्या कुठल्या देशांतून उत्तरं यायची. "मॅडम, बाराव्या खोलीत नळाला हात लावू नका, बाकी सगळं सुखरूप." कधी कोणी सगळ्या खेळाचं उत्तरच पाठवायचं, कोणत्या खोलीत काय करायचं, कोण काय म्हणतं. मी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायची आणि मगच तुम्हाला खेळायला बोलवायची.

ह्यावरूनच आपलं भांडण झालं, आणि ते मिटलं नाही.

"हे तुला माहीत होतं," तुम्ही एकदम म्हणालात. पडद्यावर एक राजा स्वतःच्या मिशीत अडकून पडला होता आणि तुमच्या डोळ्यांना हसून पाणी आलं होतं.

"मला कसं माहीत असेल?"

"होतं. मी हसायच्या आधी तू माझ्याकडे पाहून राहिली होती. खेळाकडे नाही."

"अक्का, कोणी मरत नाही ना हे आधी बघावं लागतं. तुमचीच अट."

"मरण बघ नं. पण हसणंही सगळं आधीच वाचून येते तू. मग मी एकटीच हसते आन तू मला राखत बसते. हे काही संग खेळणं झालं? अठरा वर्षं झाली, तू एकदा खरी हसली का, सांग."

"कोणीतरी बघायला हवं ना," एवढं बोलून मी दूध तापवायला उठले. दूध आधीच तापवलेलं होतं. मी ते पुन्हा तापवलं.

तुम्ही बरोबर होतात. हे मी त्याच दिवशी म्हणायला हवं होतं. हसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण तुम्ही हसताना खांदे आधी हलायचे आणि आवाज नंतर यायचा. त्या दोहोंच्या मधला क्षण पाहायचा म्हणून मी तुमच्याकडे बघायची. राखत नव्हते. निदान नुसती राखत नव्हते.

पुढचा खेळ मिळाला तेव्हा मी नेहमीसारखं पत्र लिहिलं, उत्तरही आलं, पण ते मी उघडलं नाही. ठरवलं की या वेळी तुमच्यासारखीच कोरी बसेन. ही माझी तुमच्यासाठी भेट होती. तुम्ही विचारलंत, "यात कोणी मरत नाही नं?" आणि मी म्हणाले, "नाही." भेट आणि खोटं मी एकाच शब्दात देऊन टाकलं.

त्या दिवशी मला सिविल लाइंसला जायचं होतं. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं.

"मला विचारलं असतं तर मी लिहून दिलं असतं," तुम्ही खुर्चीतून म्हणालात. "जिवंत आहे, भांडते, दूध दोनदा तापवते."

"मी येईपर्यंत सुरू करू नका. इंग्रजी कोण सांगेल?"

"चलो, जा तू. मी नुसती पाहून राहते."

एक वाजता निघाले. तिथे रांग होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, शिक्का मारला. साडेचारला मी घरी आले आणि जे पाहिलं ते वर लिहिलं आहे.

तुमचा हात गार होता. शेजारचे दुबेजी आले, डॉक्टरांना तेच घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, "कम से कम दो घंटे हो गए होंगे." दुबेजींनी खोली आवरली, कंप्यूटर बंद केला. मग बायका जमल्या आणि मला विचारायला लागल्या, आता काय करायचं, तीळ कुठे आहेत, दिवा कोणत्या बाजूला. दर वेळी मी तुम्हाला विचारायला मान वळवायची. सगळं चुकत माकत केलं. तुम्ही पडल्या पडल्या वैतागला असाल.

पण ते तेरा दिवस मला एकच गोष्ट कुरतडत होती. तुम्ही थांबला नाहीत, एकट्या खेळलात, आणि तुमच्या बोटाने तो शिडीवरून पडला. मी "नाही" म्हटलेलं असताना. शेवटचं जे पाहिलंत ते पुन्हा एक मेलेला माणूस, तुमच्या हातून, आणि पाणी द्यायला उठायची ताकद नाही. माझ्या एका शब्दामुळे तुम्ही अशा गेलात असं मला वाटायचं. लोक येऊन म्हणायचे, छान मरण आलं, आणि मी मान हलवायची.

चौदाव्या दिवशी दुपारी मी कंप्यूटर लावला. सेव्ह करणं तुम्ही कधी शिकला नाहीत, तेव्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. ते उत्तराचं पत्र तेव्हाही उघडलं नाही आणि अजून उघडलेलं नाही. शिडीपर्यंत पोचायला मला तीन दुपारी लागल्या. तुम्ही इंग्रजी येत नसताना फार तर दीड तासात पोचला होतात. एका दाराशी मी दुसरी अख्खी दुपार अडकले. तिथल्या म्हातारीला नुसता नमस्कार करायचा होता.

शिडी आली. मी वर बोट दाखवलं. तो चढला. सातव्या पायरीवर शिडी सुटली, धप्प आवाज झाला आणि तो पडला, तसाच, टोपी बाजूला, हात छातीवर. मी माउस सोडला आणि घड्याळाकडे बघत बसले, कारण दुसरं काय करावं कळेना. काहीच हललं नाही. मग घसा खाकरल्याचा आवाज आला. त्याने एक डोळा उघडला, उठून बसला, शिडीकडे पाहिलं आणि इंग्रजीत जे म्हणाला ते मराठीत असं होईल: "चढायला सकाळ गेली. उतरायला म्हणून काही वेळच लागला नाही." आणि आपल्याकडे बघून हात हलवायला लागला.

अक्का, मी हसले. आवाज करून. मला ते माहीत नव्हतं, कुठे वाचलं नव्हतं. खोलीत मी एकटी आणि हसणं थांबेना. थांबलं तेव्हा पदर ओला होता.

मग मी नेहमीसारखी वागले. पाच वेळा तेच करून पाहिलं, घड्याळ हातात धरून. पाचही वेळा चाळीस सेकंद. माउसला हात लावा, न लावा, चाळीस सेकंदांनी तो उठतो. त्यापेक्षा जास्त तो पडून राहत नाही.

आणि मी आले तेव्हा तो पडलेला होता. म्हणजे मी दार उघडलं त्याआधी चाळीस सेकंदांच्या आत तो शिडीवरून पडला. तुम्ही तर दोन तास आधीच गेला होतात.

श्रीकांत फोनवर म्हणाला, "आई, हँग झाला असेल कंप्यूटर." मला ते पटलं, पटवून घेतलं. मग सहज दुबेजींना विचारलं की तुम्ही बंद केलात तेव्हा पडद्यावर काय होतं. ते अवघडले. "माताजी, मैं समझा बच्चों का वीडियो कॉल चालू रह गया. एक आदमी खड़ा हाथ हिला रहा था. मैंने कह भी दिया, भैया, अभी रखिए, घर में गमी हो गई है." म्हणजे तो उठला होता. हँग झाला नव्हता.

तेव्हा एक गोष्ट नक्की झाली, आणि ती मी मुलांना आता सांगू शकते. तुम्ही गेलात तेव्हा तो पडलेला नव्हता. शिडीच्या पायथ्याशी उभा असेल, तुमच्याकडे बघत, तुम्ही काय सांगता याची वाट पाहत. तुमच्या हातून कोणी मेलं नाही. तेरा दिवसांचं ओझं त्या एका हिशेबाने उतरलं. त्याच्या जागी दुसरं जे आलं त्याला ओझं म्हणता येत नाही, पण तेव्हापासून मी त्या खोलीत दाराकडे पाठ करून बसत नाही.

काल मी शेवटचं पाहायचं ठरवलं. दोन वाजता त्याला शिडीच्या पायथ्याशी उभं केलं, माउस खुर्चीपासून दूर सरकवला आणि हात मांडीवर ठेवून बसले. दारं-खिडक्या लावलेल्या होत्या. त्याने पाय आपटले, टोपी काढून आत पाहिलं, पुन्हा घातली. खालच्या पायरीवर बसला, उठला, गुणगुणला, माझ्याकडे पाहिलं. हेच पुन्हा पुन्हा. तीन वाजले, चार वाजले. तो चढला नाही. सव्वाचारला मी चहा करायला स्वयंपाकघरात गेले.

पाणी उकळायला लागलं होतं तेव्हा मला पायरी करकरल्याचा आवाज आला. मग दुसरी. मी गॅस बारीक केला आणि मोजल्या. सात. मग धप्प.

मुलं म्हणतील की खूप वेळ कोणी काही केलं नाही तर त्याने स्वतःच चढावं असं त्या खेळात लिहिलेलंच असेल. असेल. त्या न उघडलेल्या पत्रात तेही असेल. मी हातातली गाळणी खाली ठेवली आणि एकपासून मोजत दारापर्यंत गेले. दार अर्धं उघडं होतं, आत कंप्यूटरचा उजेड होता. चाळीसला त्याचा घसा खाकरला. मग त्याचं ते वाक्य. मग थोडा वेळ काहीच नाही, खांदे हलायला आणि आवाज यायला मध्ये जेवढा वेळ लागतो तेवढा.

मी आत गेले नाही, अक्का. तुमचा डाव चालला होता.